नळातून गुलाबी येईपर्यंत

…आणि यावर हा ऑर्लिन काय म्हणाला माहितीय? "तसंही करता येतं." बस्स, एवढंच. हातात कॉफीचा मग, टोपी कानापर्यंत ओढलेली, माझ्या दारात उभा राहून माझ्याच गाडीकडे बघत, "तसंही करता येतं." आता तुम्ही म्हणाल, हार्लन, यात एवढं चिडण्यासारखं काय आहे, शेजारी बोलला ते चांगलंच बोलला की. अहो, तुम्ही मिनेसोटात राहिला नाहीत म्हणून असं म्हणता! आमच्याकडे 'तू चुकतोयस' असं कोणी कोणाला तोंडावर सांगत नाही. तुमच्या घराला आग लागलेली असेल ना, तर शेजारी कुंपणापाशी येऊन म्हणेल, "आज तुमच्याकडे जरा ऊब दिसतेय." आपण काय ते समजून घ्यायचं. तेव्हा 'तसंही करता येतं' म्हणजे तुम्हाला सांगतो, 'गाढवा, असं कोणी करतं का?' आणि हे मी दिवसभर ऐकलं. दिवसभर! पाठीवर, पोटावर, गाडीखाली, पलंगाखाली, जिथे असेन तिथे मला ते ऐकू येत होतं.

बरं, काम तरी काय होतं? माझी मोटरहोम. म्हणजे चाकांवरचं घर हो, आत पलंग आहे, ओटा आहे, फ्रिज, गीझर, शॉवर, संडास, कपडे धुवायचं मशीन, सगळं आहे. घरात जेवढे नळ तेवढे तिच्यात, आणि घरात जेवढा डोक्याला ताप त्याच्या दुप्पट तिच्यात. आता आमच्या थंडीत पाइपात चुळकाभर पाणी जरी राहिलं तरी त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो, पाइप तडकतो आणि आपल्याला काही पत्ता लागत नाही. कळतं ते थेट वसंतात, सगळं वितळल्यावर. म्हणून ऑक्टोबरात काय करायचं, तिच्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं आणि मग सगळ्या पाइपांतून ते न गोठणारं गुलाबी औषध फिरवायचं. प्रत्येक नळ उघडून बघायचा, गुलाबी आलं की बंद करायचा. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही?

गेल्या हिवाळ्यात फुटली. कशी फुटली, कोणामुळे फुटली, यात मी जात नाही. मे महिन्यात मार्लिसने, म्हणजे आमच्या मंडळींनी, गाडीचं दार उघडून आत पाय टाकला आणि खालून आवाज आला, च्युक. दुसरा पाय टाकला, पुन्हा च्युक. शॉवरमागचा पाइप फुटून सगळी जमीन फुगून वर आली होती. मार्लिस ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बाहेर आली, बूट पुसले आणि म्हणाली, "हार्लन, पुन्हा फुटली तर आपण ही विकू. आणि उन्हाळाभर रूडीच्या केबिनवर जाऊ. तो बिचारा दर वर्षी बोलावतो."

रूडी म्हणजे मार्लिसचा भाऊ. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे कोणाबद्दल वाईट बोलायचं असेल तर सुरुवात अशीच करावी लागते. तर माणूस वाईट नाही. उत्तरेला तळ्याकाठी त्याची केबिन आहे. आपण पोचतो, अजून गाडीतून उतरलेलोसुद्धा नसतो, आणि तो म्हणतो, "अरे हार्लन, आलाच आहेस तर जरा धक्क्याला हात लाव." धक्का म्हणजे तळ्यातला लाकडी धक्का, होडी बांधायचा. तो हिवाळ्याआधी बाहेर ओढायचा आणि मे महिन्यात पुन्हा पाण्यात लावायचा, आणि मे महिन्यातलं आमच्या तळ्याचं पाणी काय असतं ते छातीपर्यंत त्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रूडी कुठे असतो? काठावर. दिशा सांगत असतो. एका वर्षी मी त्याच्या होडीघराला समोरून रंग दिला. पुढच्या वर्षी म्हणतो कसा, "काय सुंदर रंग लागलाय रे, आलाच आहेस तर मागची बाजू पण करून टाक." संध्याकाळी पत्ते. त्यात तो जिंकतो, आणि कसा जिंकला ते सांगत बसतो. मग झोपायला मुलांचा दुमजली पलंग, वरच्या मजल्यावर मी, छतावर नाक घासत. अहो, ती मोटरहोम मी घेतली कशासाठी? डोंगर बघायला? छे! 'यंदा नाही जमणार रे रूडी, आम्ही जरा फिरायला चाललोय' हे एक वाक्य म्हणता यावं म्हणून घेतली. तिच्या पाइपांत माझे सगळे उन्हाळे भरलेले आहेत, आलं लक्षात?

तर शनिवार. सकाळी रेडिओवर सांगितलं, आज रात्री कडक गारठा, वारा कॅनडातून. मी अंगावर जुना डगला चढवला, गुलाबी औषधाचे कॅन ओळीत मांडले, गाडीखाली सरपटलो, मोठ्या टाकीचा कॉक उघडला. पाणी धो धो वाहायला लागलं. मन प्रसन्न झालं. म्हटलं, दुपारच्या जेवणापर्यंत मोकळे. गाडीखालून बाहेर डोकं काढलं तर समोर दोन बूट. बुटांच्या वर ऑर्लिन.

"पाणी काढतोयस," ऑर्लिन म्हणाला.

"काढतोय," मी म्हटलं.

"गारठा पडणार म्हणतात."

"म्हणतात खरं."

मग तो कॉफी प्यायला. आमच्याकडे याला गप्पा म्हणतात. मी गीझरकडे वळलो. गीझर बाहेरच्या बाजूने उघडतो, खाली एक बूच असतं, ते पान्याने सोडवायचं की पाणी बाहेर. पण त्याआधी वरची छोटी कळ उचलून आतला दाब सोडावा लागतो. मला माहीत आहे हो ते. पण मागे कोणीतरी उभं राहून बघत असलं ना, की माणसाचे हात भलतंच करतात. मी बूच फिरवलं, ते सुटलं, ते सटकून माझ्या कानाजवळून गेलं आणि आतलं सगळं पाणी माझ्या छाताडावर! डगल्याच्या आत, शर्टाच्या आत, पार पँटच्या पट्ट्यापर्यंत. मी तसाच उभा, नाकावरून पाणी ठिबकतंय. ऑर्लिनने बूच शोधून आणलं, झटकलं, माझ्या हातात दिलं.

"तसंही करता येतं," तो म्हणाला.

इथे मला पहिला राग आला. पण तो गिळला, कारण लगेच ऑर्लिन म्हणाला, "माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे. हवा मारून पाइप रिकामे होतात म्हणतात. आणू का?" आता हे कसं चालतं ते तुम्हाला समजावून सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणारा माणूस हावरट. दुसऱ्यांदा हो म्हणणारा उतावळा. तिसऱ्यांदा विचारल्यावर, जरा कसंनुसं तोंड करून, 'बरं, तुला त्रास नसेल तर' असं म्हणणारा, तो चांगल्या घरचा. आईच्या दुधाबरोबर शिकतो आम्ही हे. म्हणून मी म्हटलं, "नको रे, कशाला?"

"अरे दारातच तर आहे," ऑर्लिन म्हणाला. "चाकं आहेत त्याला, ढकलत आणतो."

झालं दुसऱ्यांदा. मला तो कॉम्प्रेसर हवा होता हो, मनापासून हवा होता, थंडीने दात वाजत होते. पण मी म्हटलं, "नको, उगाच तुझा शनिवार खराब." आणि आता तिसऱ्यांदा विचारेल म्हणून मी तोंडसुद्धा कसंनुसं करून ठेवलं. ऑर्लिनने तोंड उघडलं… आणि वरून रानबदकं गेली. भली मोठी रांग, कलकलाट करत दक्षिणेकडे. ऑर्लिनने मान वर केली. मीही केली. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं वरच बघत होतो.

"निघाली," ऑर्लिन म्हणाला.

"निघाली," मी म्हटलं.

आणि संपलं! विषय बदलला. आता काय करणार तुम्ही? 'ते कॉम्प्रेसरचं काय म्हणत होतास' असं आपण होऊन विचारायचं? त्यापेक्षा मी तळ्यात उडी मारेन. त्याचा कॉम्प्रेसर त्याच्या गॅरेजच्या दारात उभा, मला इथून त्याचं लाल चाक दिसत होतं, आणि मी ओल्या कपड्यांत पलंगाखाली शिरायला निघालो.

पलंगाखाली का? कारण गीझर वगळायचे कॉक गाडी बनवणाऱ्याने तिथे लपवलेत. कोण असेल तो माणूस, त्याला मला एकदा भेटायचंय. ते कॉक आडवे केले की औषध गीझरला वळसा घालून सरळ नळांकडे जातं. उभे राहिले तर सगळं औषध आधी गीझरच्या पोटात. मी पोटावर झोपलो, दातांत बॅटरी धरली, गादीची फळी मानेवर, आणि एकेक कॉक व्यवस्थित आडवा केला. व्यवस्थित. शपथेवर सांगतो, बरोबर केला होता. तेवढ्यात दारातून आवाज आला. ऑर्लिन वाकून आत बघत होता.

"हं," तो म्हणाला. "तसंही करता येतं."

मनात म्हटलं, हार्लन, हा माणूस सकाळपासून उगाच उभा नाही. याला काहीतरी दिसतंय. गेल्या वर्षीही तुला वाटलंच होतं ना, बरोबर केलंय म्हणून? मार्लिसच्या पायाखालचं ते च्युक आठवलं. रूडी आठवला, छातीपर्यंत पाणी आठवलं. आणि मी… काय सांगू तुम्हाला… मी ते सगळे कॉक परत फिरवून उभे केले.

बाहेर आलो, पंपाची नळी औषधाच्या कॅनमध्ये बुडवली, पंप चालू केला, ओट्याचा नळ उघडला आणि वाट बघत उभा राहिलो. पंप घुरघुर करतोय, कॅन रिकामा होतोय, नळ नुसता खोकतोय. खर्र… फुस. दुसरा कॅन लावला. खर्र… फुस. तिसरा. म्हटलं, एवढं जातंय कुठे? मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. औषध चाललंय गीझरमध्ये, आणि गीझरचं बूच? बूच माझ्या खिशात! धावत बाहेर आलो. गीझरमधून जी धार लागली होती ती दारातून, गॅरेजसमोरून, थेट रस्त्याकडे. एवढी लख्ख गुलाबी नदी आमच्या गल्लीत कोणी पाहिली नसेल. तिला वाट मिळावी म्हणून ऑर्लिनने एक पाय उचलून धरला होता. ती गेल्यावर पाय खाली ठेवला.

"तसंही करता येतं," तो म्हणाला.

तुम्हाला खोटं वाटेल, पण ऐका. मी म्हटलं, "हो." आमच्याकडे रागाची ही परिसीमा.

औषध संपलं. उन्हं कलायला लागलेली. मी ट्रक काढला आणि गावातल्या दुकानात गेलो, आणि दुकानात काय, अख्ख्या गावाने रेडिओ ऐकलेला! फळी रिकामी. हिरवं औषध होतं, इंजिनात घालायचं, पण ते विष, ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपात चालत नाही. मी त्या रिकाम्या फळीकडे बघत उभा, अंगावर अर्धवट सुकलेला डगला, बूट गुलाबी, आणि मागून आवाज आला, "हार्लन, सगळं ठीक ना?" वळून बघतो तर आमच्या चर्चच्या पास्टर सिग्नी. आणि त्यांची ढकलगाडी गुलाबी कॅनने शिगोशीग भरलेली. चर्चची मुलांची छावणी आहे ना नदीकाठी, तिथल्या न्हाणीघरांसाठी.

"मोटरहोमचं काम काढलंय वाटतं," त्या म्हणाल्या. "यातले घ्या की थोडे. आम्हाला बहुतेक पुरून उरतील."

आता बघा. पहिली वेळ. सगळं गाव ओळीत उभं, कान टवकारून ऐकतंय. माझ्या डोक्यात माझी आई म्हणतेय, 'नको म्हण.' माझ्या डोक्यात रूडी म्हणतोय, 'आलाच आहेस तर.' आणि माझ्या तोंडातून निघालं, "हो."

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. पास्टरबाईंची भुवई जराशी वर गेली. बाईंनी बिचाऱ्यांनी दुसऱ्यांदा विचारायची तयारी केलेली, तोंड अर्धं उघडलेलं, त्यांना आता त्या तोंडाचं काय करावं ते कळेना. मग त्या म्हणाल्या, "अच्छा. बरं. घ्या मग." मी कॅन उचलले. माझे कान तापले होते. देवाच्या मुलांचं औषध मी पहिल्या झटक्यात उचललं, आणि वर काय, एक कॅन जास्तच उचलला.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मार्लिस दारातच. "तू पास्टरबाईंना पहिल्यांदाच हो म्हणालास?"

"मार्लिस, मी गडबडीत होतो."

"पहिल्यांदाच?"

"गारठा पडतोय, मार्लिस."

"मला उद्या चर्चमध्ये कॉफी वाढायचीय, हार्लन, सगळ्यांसमोर." एवढं बोलून ती थांबली, माझ्या बुटांकडे बघितलं, डगल्याकडे बघितलं, आणि काय वाटलं कोण जाणे, टोपी घालून म्हणाली, "चल, नळ मी बघते. तू पंप बघ."

मग मी पुन्हा पलंगाखाली, कॉक पुन्हा आडवे, बूच जागेवर, पंप चालू. मार्लिस आत नळांपाशी. आता या कामात एकच प्रश्न असतो आणि त्याला एकच उत्तर असतं. पण उत्तर देणारी मिनेसोटाची असली की घोडं तिथेच पेंड खातं.

"गुलाबी आलं का?" मी बाहेरून ओरडलो.

"वाईट नाहीये," आतून मार्लिस.

"वाईट नाहीये म्हणजे काय? गुलाबी आहे का?"

"तसं बघितलं तर आहे."

"गुलाबी की गुलाबीसर?"

"छान दिसतंय, हार्लन."

"अगं छान नको, गुलाबी हवंय!"

शेवटी मीच आत गेलो. पांढरंफटक पाणी. मी म्हटलं, हे काय? तर म्हणते, "तुला वाईट वाटलं असतं."

ऑर्लिन होताच. नवीन कॉफी घेऊन आला होता. मी लांबच्या नळापासून सुरू केलं, ऑर्लिन म्हणाला, तसंही करता येतं. मग मी म्हटलं, अच्छा, लांबून नाही, जवळून करायचं असतं तर. सगळे नळ पुन्हा, जवळच्यापासून. त्यावर ऑर्लिन काय म्हणाला ते मी आता तुम्हाला सांगत नाही, तुम्ही सांगा. बरोबर. तेच! संडासाची कळ दाबली, गुलाबी आलं, ऑर्लिनने मान डोलावली, मी पुन्हा दाबली. कपड्यांचं मशीन एकदा फिरवलं, ऑर्लिनने खाकरलं, मी पुन्हा फिरवलं. मोऱ्यांखालच्या वाकड्या पाइपांत पेलाभर औषध ओतलं, मग आणखी पेलाभर. फ्रिजचं बर्फ करायचं यंत्र सोडवलं, नळी झटकली, जोडलं, ऑर्लिनकडे बघितलं, परत सोडवलं. बाहेरचा शॉवर, जो सगळे विसरतात, जो एका छोट्या दाराआड असतो, तो मी विसरलो नाही! तो मी अभिमानाने दोनदा केला. फ्रिज रिकामा करताना मागे हेरिंग माशाच्या लोणच्याची बाटली सापडली, मार्लिसने वास घेतला, म्हणाली वाईट नाहीये, आणि या वेळी मात्र मी तिला खाऊ दिलं नाही.

संध्याकाळ झाली. काम झालं. सगळे नळ गुलाबी, सगळे कॉक बंद, पाठ मोडलेली, हात सुन्न. आणि तुम्हाला खरं सांगतो, माझा जीव काही भांड्यात पडला नव्हता. कारण दिवसभर तो माणूस मला सांगत होता, काहीतरी चुकतंय, आणि मला अजून कळलं नव्हतं काय चुकतंय, आणि थोड्या वेळात वारा सुटणार होता. मग मी जे केलं ते माझ्या बापाने जन्मात केलं नव्हतं. मी सरळ ऑर्लिनसमोर जाऊन उभा राहिलो आणि तोंडावर विचारलं. "ऑर्लिन, एकदाच सांग. काय चुकलं माझं?"

ऑर्लिन घाबरला. मग मागे एक पाऊल. "चुकलं? कुठे?"

"दिवसभर म्हणतोयस, तसंही करता येतं, तसंही करता येतं. मग दुसरं कसं करतात? सांग ना."

"मला काय माहीत?" ऑर्लिन म्हणाला. "मी कधी केलंय हे? आम्ही परवा एक जुनी गाडी घेतली रे, अजून कोणाला सांगितलं नाहीये. मला काही येत नाही यातलं, विचारायची लाज वाटली. म्हणून म्हटलं उभं राहून बघून घ्यावं. तू काही केलंस की मी मनात ठेवत होतो. तसंही करता येतं… तसंही करता येतं." मग जरा घुटमळला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "एकच विचारू? सगळं दोनदा करायचं असतं का?"

म्हणजे बघा. जे बरोबर होतं ते मी स्वतःच्या हाताने बिघडवलं होतं, देवाच्या मुलांचं औषध पळवलं होतं, एका गुलाबी नदीला जन्म दिला होता, आणि हा माणूस माझ्याकडून शिकत होता. मी म्हटलं, "हो. दोनदा करायचं. पहिल्यांदा भरवसा नसतो."

ऑर्लिनने ते गंभीरपणे ऐकलं आणि जाता जाता मार्लिसला म्हणाला, "मार्लिस, या माणसासारखं काम कोणी करत नाही हं." आमच्याकडे एवढी स्तुती मयतालासुद्धा करत नाहीत. मार्लिस लाजून लाल झाली.

रात्री पारा जो खाली आला तो आलाच. सकाळी उठून मी आधी गाडीकडे धावलो. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं दगडासारखं गोठलेलं, बागेतली नळी काठीसारखी ताठ. दार उघडलं, आत गेलो, श्वास रोखून संडासात बघितलं. गुलाबी औषध मस्त हलतंय! नळ उघडला, गुलाबी. शॉवर उघडला, गुलाबी. मी तिथेच खाली बसलो, त्या थंडगार जमिनीवर, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. पुढचा सगळा उन्हाळा माझा होता. रूडीला सांगायचं वाक्यसुद्धा मी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं.

त्या दिवशी चर्चमध्ये कॉफी वाढताना मार्लिसला कोणी माझ्या त्या पहिल्याच वेळच्या 'हो'बद्दल बोललं नाही. कारण कोणी तोंड उघडायच्या आत तीच बोलत होती. माझ्याबद्दल! माझा हार्लन कसा दिवसभर राबला, एक नळ सोडला नाही, सगळं दोनदा केलं, ऑर्लिनसुद्धा काय म्हणाला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने माझं असं चारचौघांत कौतुक कधी केलं नव्हतं. मी कोपऱ्यात केक खात होतो आणि छाती फुगत होती. पास्टरबाईंनीसुद्धा मान डोलावली. मला वाटलं, हार्लन, झालं बाबा, सुटलास.

घरी आलो तर ती फोनवर. हसतेय. "अरे हो ना, एक थेंब गळत नाहीये… नाही रे, त्याला काय त्रास, त्याला आवडतं… हो हो, सगळ्यांच्याच करेल की तो."

मी विचारलं, कोण होतं?

"रूडी," मार्लिस म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "त्याच्याकडे हिवाळ्याआधी केबिनचे पाइप रिकामे करून बंद करणारा माणूस म्हातारा झालाय, आता येत नाही. आणि त्याच्या शेजाऱ्यांचाही तोच होता, तळ्याकाठच्या सगळ्या केबिनींचा. मी म्हटलं, आमच्या हार्लनएवढं चांगलं कोणाला येतं? पुढच्या शनिवारी जायचंय. आणि वसंतात उघडायलाही तूच, कारण ज्याने बंद केलं त्यालाच माहीत असतं ना कुठे काय आहे. रूडी एवढा खूश झाला, म्हणाला, मोटरहोम इकडेच आणा, माझ्या अंगणात लावा, उन्हाळाभर राहा. म्हणजे तुला तो वरचा पलंग पण नको. तुझीही हौस होईल."

मी तिच्याकडे बघितलं. काय आनंद होता हो तिच्या चेहऱ्यावर, नवऱ्याचा अभिमान वाटतोय बाईला. बोला, काय बोलणार तुम्ही?

मी म्हटलं, बरंय.